हौदावरचा अर्धा तास

माझ्या नाकावर राग आहे, हे सोलापूरच्या कोर्टात पट्टेवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक आहे. तीस वर्षं फौजदारी वकिली करतोय. मी पक्षकारावर ओरडतो, कारकुनावर ओरडतो, बार रूमच्या पंख्यावरही ओरडलेलो आहे. जजसाहेबांवर मात्र आजवर एकदाही ओरडलो नाही. म्हणजे "राग आला की मला काही सुचत नाही" हे जे मी घरी बायकोला सांगतो ते धादांत खोटं आहे. माझ्या रागाला सगळं सुचतं. कुणावर फुटायचं आणि कुणासमोर कमरेत वाकायचं, हे त्याला माझ्याआधी कळतं.

अशा माणसाने रागाच्या कायद्यावर अधिकारवाणीने बोलावं हा विनोदच आहे, पण मी बोलायचो. नव्या वकिलांना समोर बसवून, चहा त्यांच्याच पैशाने मागवून, मी समजावून सांगायचो. माणूस मारला म्हणजे प्रत्येक वेळी खून होत नाही. समोरच्याने तशीच गंभीर चिथावणी दिली, तीही अचानक, आणि त्या भरात माणसाचा तोल जाऊन त्याने जीव घेतला, तर तो खून नाही, सदोष मनुष्यवध. खुनाला फाशी नाहीतर जन्मठेप. दुसऱ्यात शिक्षा दहा वर्षांवर, कधी त्याच्याही खाली येऊ शकते. पण मधे वेळ गेला की संपलं. वेळ गेला म्हणजे राग निवला, असं कायदा धरून चालतो. "उतू गेलेलं दूध कायद्याला समजतं, विरजण लावलेलं समजत नाही," असं माझं एक ठेवणीतलं वाक्य होतं. पोरं माना डोलवायची. मला वाटायचं, माझ्या बुद्धीला डोलवतायत. चहा गार होत होता म्हणून ती घाईत होती, हे आता कळतं.

हा खटला माझ्याकडे आला तेव्हा जुनाच कायदा लागू होता, तीनशेदोनवाला. आरोपी सांगोल्याच्या पुढच्या एका गावचा मेंढपाळ. पंचेचाळिशीचा, काटक, कमी बोलणारा. त्याने आपल्या सख्ख्या चुलत भावाच्या डोक्यात कुऱ्हाड घातली होती. भाऊ जागीच गेला. हा पळाला नाही, लपला नाही, बसून राहिला. पोलिसांनी विचारलं तर म्हणाला, मी मारलं.

पहिल्यांदा जेलमध्ये भेटलो तेव्हा त्याने मला एकच प्रश्न विचारला.

"वकीलसाहेब, किती वर्सांनी सुटंन? बायकू एकटी हाय मेंढरांमागं. धा वर्सं असली तर ती कड काडंल. जलमभर म्हनला तर मेंढरं इकावी लागतील."

सगळा खटला हा असा होता. दहा वर्षं की जन्मभर. मी छाती फुगवून सांगितलं, "दहाच्या वर जाऊ देत नाही." असं आश्वासन वकिलाने कधी देऊ नये, हेही मी नव्या पोरांना शिकवत असे.

हकिगत साधी होती. दोघा चुलतभावांत एक विहीर सामाईक, विहिरीला लागून हौद, आणि पाण्याची पाळी ठरलेली. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की पाळीवरून कुरबुर व्हायची. त्या दिवशी पाळी याची. मेंढरं हौदावर आणलेली, बाभळीचा पाला तोडायची कुऱ्हाड बाजूला ठेवलेली. बायको घागर भरायला आलेली. भाऊ आला आणि हौदाच्या कठड्यावर बसला. मग तो बोलला. तीनच आठवड्यांपूर्वी या माणसाची धाकटी मुलगी तापाने गेली होती. अकरा वर्षांची. भाऊ म्हणाला, "एक तोंड कमी झालं. आता तरी मेंढरांना पानी पुरंल."

हे वाक्य बायकोने ऐकलं. ती घागर तशीच टाकून रडत घराकडे गेली. पुढचं तिने पाहिलं नाही.

हे तिच्या पोलिसांतल्या जबाबात वाचलं तेव्हा मी टेबलावर हात आपटला. इतकं वाईट वाक्य इतक्या सोयीचं असावं! पोटच्या पोरीचं सुतक फिटून दहा दिवस झालेले, आणि सख्खा चुलत भाऊ हे बोलतो. गंभीर म्हणजे याहून काय असायचं? राहता राहिलं अचानक. त्यासाठी मी पुन्हा जेलमध्ये गेलो.

"तो बोलला, आणि तू लगेच कुऱ्हाड उचललीस. बरोबर?"

"न्हाय. आदी मेंढरं पाजली."

"किती?"

"समदी. सव्वाशे."

मेंढरांना एकदम पाण्यावर सोडत नाहीत, हे मला तेव्हा त्याच्याकडूनच कळलं. दहा-पंधरांची तुकडी हौदावर घ्यायची, ती पिऊन बाजूला झाली की पुढची. सगळी एकदम सोडली तर कोकरं पायाखाली जातात. सव्वाशे मेंढरं म्हणजे अर्धा तास. आणि हा सगळा अर्धा तास माझ्या "अचानक"वर पाणी फिरवत होता.

तो अजून काहीतरी सांगणार होता. "मग शेवटाला," असं म्हणालाही. माझा पारा चढलेलाच होता. "गप!" म्हणालो मी. "ते पाणी पाजायचं कोर्टात काढायचं नाही. एक अक्षर नाही. तो पोरीबद्दल बोलला, माझं भान गेलं, हातात आली ती कुऱ्हाड बसली. एवढंच. पाठ कर." मी खोटं बोलायला सांगत नाही, फक्त मधलं वगळायला सांगतोय, अशी स्वतःची समजूतही घातली. वकिलाची सद्सद्विवेकबुद्धी फार समजूतदार असते, जे घालाल ते घालून घेते.

त्याने मान हलवली. मला तो होकार वाटला.

सरकार पक्षाचा एकच साक्षीदार महत्त्वाचा होता. बांधापलीकडचा एक शेतकरी. त्याने लांबून कुऱ्हाडीचा घाव पाहिला होता, बोलणं काहीच ऐकलं नव्हतं. सांगता सांगता तो सहज म्हणून गेला, "मेंढरं तानलेली तशीच सोडली ह्यानं आन् भावावर धावला." बिचाऱ्याने आरोपीचा दुष्टपणा वाढवायला ते म्हटलं असेल. मला तर लॉटरी लागली. मेंढरं तहानलेली सोडून धावला, म्हणजे मधे वेळ गेलाच नाही! सरकारच्या साक्षीदाराच्या तोंडून माझं "अचानक" सिद्ध झालं. मी उलटतपासात त्या वाक्याला बोटही लावलं नाही. खाली बसताना सरकारी वकिलाकडे बघून हसलोसुद्धा. पिंजऱ्यात आमचा आरोपी एकदम चुळबुळायला लागला, इकडे तिकडे बघायला लागला, ते मी पाहिलं. वाटलं, पाय भरून आला असेल.

मग आरोपीच्या जबाबाचा दिवस आला. यात जजसाहेब स्वतः आरोपीला विचारतात, की साक्षीदार असं असं म्हणतो, तुझं काय म्हणणं आहे. आम्ही दोघांनी पाठ केलेलं होतं. एक एक प्रश्न होत गेला, तो बरोबर उत्तरं देत गेला. मी खुर्चीत रेललो. मग साहेबांनी वाचलं, "साक्षीदार म्हणतो, तू मेंढरं तहानलेली तशीच सोडलीस आणि भावावर धावलास. याबद्दल काय म्हणायचंय?"

"खोटं हाय, सायब."

मी ताठ झालो.

"काय खोटं आहे?"

"मेंढरं तानलेली न्हवती. समदी पाजली व्हती म्या. येक बी ठेवलं न्हवतं. भाऊ बोलला, त्येच्यामागनं मेंढरं पाजली, मगच..."

मी घसा खाकरला. मी फाईल आपटली. तो थांबेना. भर कोर्टात, शे-पन्नास माणसांसमोर, आपण मेंढरं तहानलेली टाकली असं कुणीतरी लिहून ठेवतंय, हे त्याला सोसणार नव्हतं. खुनी म्हटलेलं त्याने दीड वर्ष मुकाट्याने ऐकलं होतं. हे ऐकवेना.

साहेब पुढे झुकले. "पाणी पाजायला किती वेळ लागला?"

"अर्दा तास आसंल."

"आणि मग? पाजून झाल्यावर काय झालं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मीही त्याच्याकडे पाहत होतो. कसं पाहत होतो ते मला आरशाशिवाय सांगता येतं, कारण त्या नजरेने एक दूधवाला आमचं घर कायमचं सोडून गेलेला आहे. तो क्षणभर थांबला, मान खाली घातली आणि म्हणाला, "मग मारलं."

साहेबांनी लिहून घेतलं. स्टेनोच्या मशिनचा आवाज मला ऐकू आला.

बाहेर व्हरांड्यात पोलीस त्याला घेऊन चालले होते तेव्हा मी जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. व्हरांड्यातली माणसं थांबून बघायला लागली. "अरे, मेंढरांची अब्रू राखलीस आणि स्वतःचा गळा कापलास!" हे त्यातलं सर्वांत सभ्य वाक्य. तो शांतपणे ऐकत राहिला. एकदाच म्हणाला, "तुमी शांत व्हा साहेब." त्यावर मी आणखी भडकलो.

दुपारी तीनला कोर्टातून निघालो. घरी येऊन हातपाय धुतले, जेवायला नाही, नुसता चहा मागितला. बायकोने पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि विचारलं, "काय झालं ओ आज?" मी तो स्टीलचा ग्लास भिंतीवर फेकला. पोचा पडला ग्लासाला, भिंतीचा पोपडा उडाला.

माझी बायको नातेपुत्याची. बाजारपेठेतल्या घरात वाढलेली, तिला कुणी दमात घेऊ शकत नाही. तिने ग्लास उचलला, पोचा पाहिला, आणि म्हणाली, "कोर्टातनं तीनला निघालात. आता सहा वाजले. मधे मंडईत थांबून वांगी आणलीत, किडकी एक नाही त्यात, म्हणजे निवडून आणलीत. गाडी सावलीत लावलीत. कोट हँगरला लावलात, गळ्याचा पांढरा बँड घडी करून ठेवलात. आणि मग ग्लास फेकलात. हे तुमच्या कायद्यात कशात बसतं? अचानकमध्ये?"

वकील हा प्राणी असा की भिंतीवर डोकं आपटलं तरी त्यातून मुद्दा निघतो का ते आधी बघतो. मी उठलो आणि वही काढली. तिची माफी मागायची राहून गेली, ती आजतागायत राहिली आहे.

शेवटच्या युक्तिवादात मी हेच मांडलं. अर्थात वांगी आणि ग्लास वगळून. हात रोजचं काम करत राहतात आणि राग आत तसाच उभा राहतो. मेंढपाळाचे हात पाणी पाजत होते ते भानावर होते म्हणून नव्हे, तर ते काम हातांच्या अंगवळणी होतं म्हणून. आई पोर गेल्यावरसुद्धा चुलीवरची भाकरी उलटते, करपू देत नाही. म्हणून काय तिचं दुःख निवलं? पाऊण तास बोललो. कोर्ट शांत होतं. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला युक्तिवाद होता, असं मी नंतर बार रूममध्ये तिघांना सांगितलं, आणि चौथ्याने आपणहून म्हणावं म्हणून त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

निकाल लागला. खून. जन्मठेप.

निकालपत्र मी तीनदा वाचलं. साहेबांनी मेंढपाळाच्या बायकोची साक्ष खरी मानली होती. ते वाक्य भाऊ बोलला हे मान्य होतं, ते गंभीर होतं हेही मान्य होतं. माझ्या युक्तिवादाला "कल्पक" म्हटलं होतं. कोर्टाने कल्पक म्हटलं की समजावं, आपण हरलो. पुढे लिहिलं होतं, की चिथावणी आणि घाव यांच्यामध्ये अर्धा तास गेला, आणि त्या अर्ध्या तासात हौदावर काय घडलं याबद्दल बचाव पक्षाने एक अक्षरही पुराव्यात आणलेलं नाही.

एक अक्षर नाही. हे शब्द मला ओळखीचे वाटले. कुठे ऐकलेत ते मात्र तेव्हा आठवलं नाही.

अपिलाच्या वकीलपत्रावर त्याचा अंगठा घ्यायला मी जेलमध्ये गेलो. खरं म्हणजे कारकुनाला पाठवता आलं असतं. पण मला त्याच्यासमोर एकदा जाऊन यायचं होतं. दहाच्या वर जाऊ देत नाही, असं मीच त्याला म्हणालो होतो. तो रागावेल, दोन शब्द ऐकवेल, अशी तयारी करून गेलो होतो. तो रागावला नाही. बायकोने अर्धी मेंढरं विकायला काढली, एवढं सांगितलं. अंगठा उठवला, बोटाची शाई पायजम्याला पुसली. मला जायला हवं होतं. पण पाय निघेना, आणि काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "त्या अर्ध्या तासात तू नक्की काय करत होतास रे?"

दोन वर्षांत हा प्रश्न मी त्याला पहिल्यांदा विचारत होतो.

"मेंढरं पाजत व्हतो की," तो म्हणाला. "पर सावकाश. रोजच्यापरीस सावकाश. म्हटलं, तवर ह्यो उटून जाईल. त्याच्याकडं बगत बी न्हवतो. त्यो कट्ट्यावर तसाच बसल्याला. येक येक तुकडी घेतली. म्हटलं, जा बाबा आता तरी."

"मग?"

"गेला न्हाय. शेवटाची तुकडी प्याली तवा हौदात वंजळभर पानी उरलं व्हतं. त्यो वाकून बगितला आन् हसला. म्हनला, 'बग, म्हनलं न्हवतं? उरलं का न्हाय पानी? पोरगी गेल्याचा फायदाच झाला की तुला.' "

त्याने हात समोर धरून दाखवलं. कुऱ्हाड त्या तिथे होती, एवढंच.

माझ्या हातातलं वकीलपत्र मी पुन्हा पुन्हा सरळ करत होतो. भाऊ दुसऱ्यांदा बोलला होता. घावाच्या क्षणभर आधी. ज्या अर्ध्या तासाला घाबरून मी त्याचं तोंड बांधलं, त्याच्या शेवटाला माझं "अचानक" बसलेलं होतं. हा माणूस त्या वेळात राग वाढवत बसला नव्हता. एकेक तुकडी पाजत त्याला निवू देत होता. कायदा माणसाकडून जे मागतो ते त्याने केलेलं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवली.

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?" मी ओरडलोच. जेलचा शिपाई वळून बघायला लागला.

"सांगत व्हतो की. पयल्या डावालाच. तुमी म्हनला, गप, येक अक्षर काडायचं न्हाय."

"अरे, पण कोर्टात? साहेबांनी स्वतः विचारलं, पुढे काय झालं म्हणून!"

"तवा तुमी डोळं वटारलं."

"आणि त्यानंतर? निकालापर्यंत चार महिने होते. कधीही सांगायचंस!"

तो थोडा ओशाळला. आपलीच काही चूक झाली असावी तसा. मग माझी समजूत घालावी तशा आवाजात म्हणाला, "तुमी लई तापल्याला व्हता साहेब. म्हटलं, तुमचा राग निवू द्या, मग सांगू. वाट बगत व्हतो."